लेकराचं पोट भरतंय ना?

वऱ्हाडात बाळंतिणीला भेटायला आलेली बाई दोन प्रश्न हमखास विचारते. ‘मुलगा का मुलगी?’ आणि ‘अंगावर दूध आहे का वो?’ पहिल्याचं उत्तर लगेच मिळतं. दुसऱ्याचं उत्तर बाळंतीण स्वतः क्वचितच देते. तिची आई, सासू, मावशी असं कुणीतरी तिच्यावतीनं बोलतं आणि ते बहुतेक वेळा अंदाजानं बोलतं. बाळ रडलं तर पुरत नाही, बाळ झोपलं तर पुरतं. हे दोन्ही अंदाज चुकू शकतात, आणि त्यातला दुसरा चुकला तर जास्त धोका असतो, कारण भुकेनं थकलेलं नवजात बाळ रडत नाही, ते निपचित झोपून राहतं.

ही पुस्तिका त्या एकाच प्रश्नासाठी आहे. बाळाला आईचं दूध पुरेसं मिळतंय की नाही, हे घरातल्या माणसांना ओळखता येतं. त्यासाठी फार साधनं लागत नाहीत, पण कुठे बघायचं ते माहीत असावं लागतं. आपण छातीकडे बघतो, दाबून किती थेंब निघाले ते बघतो, बाळाचा आवाज ऐकतो. खरं उत्तर बाळाच्या लंगोटात आणि वजनकाट्यावर असतं.

हा प्रश्न घरातच का सुटायला हवा, ते आधी सांगते. २००५-०६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली जेमतेम ३९ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली आढळली होती. २०१९-२१च्या पाहणीत तो आकडा ८८.६ टक्के झाला. आई वाचावी, बाळ वाचावं म्हणून झालेला हा फार मोठा बदल आहे. अमरावतीचं ‘डफरीन’ आणि अकोल्याचं ‘लेडी हार्डिंग’ ही नावं दोन्ही जिल्ह्यांतल्या घराघरांत माहीत आहेत. कागदावर ती जिल्हा स्त्री रुग्णालयं आहेत, पण तसं कुणी म्हणत नाही. दर्यापूरपासून मूर्तिजापूरपर्यंतच्या बाळंतिणी तिथे पोचतात आणि सगळं ठीक असेल तर साध्या बाळंतपणानंतर दोनेक दिवसांनी घरी जातात. अडचण इथेच आहे. आईच्या अंगावर दूध भरून येतं ते बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान. म्हणजे पाजण्याची खरी परीक्षा सुरू होते तेव्हा नर्सबाई जवळ नसतात. बाळंतीण माहेरच्या खोलीत असते, छाती दगडासारखी घट्ट झालेली असते, बाळाला नीट धरता येत नाही, रात्रीचे दोन वाजलेले असतात आणि घरात जो तो आपलं मत सांगत असतो. २०१९-२१च्या त्याच पाहणीत जन्मानंतर तासाभरात आईचं दूध मिळालेली बाळं होती फक्त ४१.८ टक्के. बाळंतपण दवाखान्यात गेलं, पण दवाखान्यात गेलं म्हणून पाजणं आपोआप जमलं असं झालेलं नाही.

पहिल्या तीन दिवसांबद्दलचे गैरसमज सगळ्यात जास्त नुकसान करतात, म्हणून पुस्तिकेत त्यांना भरपूर जागा दिली आहे. बाळ जन्मलं की आईच्या अंगात चीक तयार असतो. तो पिवळसर, घट्ट आणि अगदी थोडा असतो. पहिल्या दिवशी एका वेळी बाळाच्या पोटात जातो तो २ ते १० मिलिलीटर, म्हणजे चमचा-दोन चमचे. दुसऱ्या दिवशी ५ ते १५, तिसऱ्या दिवशी १५ ते ३० मिलिलीटर. बाळाची गरजही तेवढीच असते. चिकात रोगाशी लढणारी द्रव्यं खच्चून भरलेली असतात आणि त्याच्यामुळे बाळाच्या आतड्यातली काळी शी लवकर बाहेर पडते. तरीही ‘एवढ्यानं काय होते?’ म्हणून कुठे मधाचं बोट, कुठे गुळाचं पाणी, कुठे उगाळलेली घुटी, कुठे गाईचं पातळ केलेलं दूध दिलं जातं. चीक पिळून टाकायची पद्धत आता कमी झाली आहे, पण संपलेली नाही. मधाबद्दल स्पष्ट सांगायला हवं: त्यातून एक घातक जंतू बाळाच्या आतड्यात शिरू शकतो, म्हणून वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटसुद्धा लावू नये.

दूध भरून येण्यामागचं कारण समजलं की घरातली घाई कमी होते. वार पडली की आईच्या शरीरातलं एक संप्रेरक झपाट्यानं उतरतं, आणि त्यानंतर ३० ते ७२ तासांत दूध वाढू लागतं. पहिलटकरणीला थोडा जास्त वेळ लागतो. सिझेरियन झालेल्या, फार रक्त गेलेल्या किंवा मधुमेह असलेल्या आईलाही उशीर होऊ शकतो. सुरुवातीला हे शरीर आपोआप करतं. त्यापुढे मात्र जितकं दूध बाहेर निघेल तितकंच नवं तयार होतं. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. उपसा चालू असलेल्या विहिरीचे झरे मोकळे राहतात आणि उपसा थांबला की ते बुजतात. बाळाला बाटलीतलं दूध पाजलं की ते दोन-तीन तास जास्त झोपतं. तेवढ्यात आईच्या अंगावरचा एक उपसा चुकतो, संध्याकाळपर्यंत दुसरा चुकतो. आठ दिवसांत खरोखरच दूध कमी होतं आणि मग सगळे म्हणतात, ‘आम्ही तर आधीच सांगितलं होतं, तिले दूधच नाही.’ खोटी शंका अशी खरी होते. या एका गोष्टीनं मला जितका त्रास होतो तितका दुसऱ्या कशानंही होत नाही, कारण यात प्रत्येकानं बाळाच्या मायेपोटीच केलेलं असतं.

आता लंगोटाकडे येऊ. पहिल्या दिवशी एक शू, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन. चौथ्या-पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत किमान सहा वेळा लंगोट नीट ओला व्हायला हवा आणि शू फिकट रंगाची हवी. पहिल्या दोन-तीन दिवसांत लंगोटावर विटकरी किंवा गुलाबी डाग दिसला तर घाबरू नये. लघवी घट्ट असल्यानं त्यातले क्षार दिसतात. तोच डाग पाचव्या दिवशीही दिसत असेल तर बाळाला दूध कमी पडत असल्याची ती खूण आहे. मुलींना पहिल्या आठवड्यात अंगावरून थोडं पांढरं, क्वचित किंचित लालसर जातं. ते वेगळं, आईच्या संप्रेरकांमुळे होतं आणि आपोआप थांबतं.

शीचा रंगही असाच दिवसागणिक बदलतो. आधी काळी-हिरवी, चिकट, पुसायला कठीण. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास हिरवट-तपकिरी. पाचव्या दिवसापर्यंत पिवळी, सैल, मोहरीच्या दाण्यांसारखे कण असलेली, दिवसातून तीन-चार वेळा. ही पिवळी शी पाहून पुष्कळ आज्यांना हगवण लागल्यासारखं वाटतं. हगवण नसते ती. बाळाच्या पोटात भरपूर दूध जातंय याचा तो पुरावा असतो. उलट पाचव्या दिवशीही शी काळीच असेल, किंवा दिवसभर झालीच नसेल, तर त्याच दिवशी दाखवायला हवं. दीडेक महिन्यानंतर गोष्ट बदलते. तेव्हा अंगावरचं दूध पिणारं बाळ चार-चार दिवस शी करत नाही आणि तरी ते ठणठणीत असतं.

इथे जुन्या पद्धतीच्या बाजूनं एक शब्द बोलायचा आहे. जुन्या धोतरांचे, सुती साड्यांचे लंगोट आणि दुपटी वापरणाऱ्या घरात शू मोजायची वेगळी तयारी करावी लागत नाही. दोरीवर वाळत घातलेले लंगोट मोजले की दिवसाचा हिशेब समजतो. बाजारातल्या डायपरमध्ये तीन शू एकात मुरतात, हात लावून ओलेपणा कळत नाही आणि पहिल्या आठवड्यातली सगळ्यात महत्त्वाची माहिती नाहीशी होते. किमान पहिले दोन आठवडे दिवसा तरी सुती लंगोटच वापरावे असा या पुस्तिकेचा आग्रह आहे. डायपर वापरायचाच असेल तर आत कापसाची पातळ चकती किंवा सुती कापड ठेवावं, म्हणजे ओलं झालेलं कळतं.

वऱ्हाडातल्या घरांना स्वतःचं एक वेळापत्रक आधीपासूनच आहे आणि ते या कामी फार उपयोगी पडतं. पाचव्या दिवशी पाचवी पुजतात, सटवाई येते, कपाळावर लिहून जाते. बाराव्या-तेराव्या दिवशी बारसं होतं. सव्वा महिन्यानं बाळंतीण घराबाहेर पडते. हे तीनही दिवस दुधाच्या दृष्टीनंही महत्त्वाचे आहेत. पाचवीपर्यंत दूध भरून आलेलं असायला हवं, शी पिवळी झालेली हवी, लंगोट किमान सहावर गेलेले हवेत. बारशापर्यंत बाळ पुन्हा जन्मवजनाला पोचलेलं हवं किंवा पोचायच्या बेतात हवं. सव्वा महिन्याच्या सुमारास पाजण्याची घडी बसलेली असते. त्याच वेळी छाती मऊ पडते आणि ‘दूध आटलं’ अशी दुसरी मोठी भीती घरात शिरते. पुस्तिकेतली तीन मुख्य प्रकरणं याच तीन दिवसांवर बेतली आहेत. पाचवीच्या पूजेला जमलेल्या बायकांनी पाटा मांडताना बाळाच्या शीचा रंग विचारला, तर सटवाईचं काही बिघडत नाही.

वजनाबद्दल. सगळी बाळं पहिल्या काही दिवसांत वजनात उतरतात. जन्मवजनाच्या सात टक्क्यांपर्यंतची घट नेहमीची. दहा टक्क्यांकडे जायला लागली तर पाजणं कुणीतरी जाणत्यानं समोर बसून बघायला हवं. २ किलो ८०० ग्रॅमचं बाळ २ किलो ६०० ग्रॅमवर आलं तर बिघडलेलं नाही. ते २ किलो ५२० ग्रॅमच्या खाली गेलं तर थांबून चालणार नाही. बाळंतपणात आईला सलाइन भरपूर चढवलं असेल तर बाळाच्या जन्मवजनातही थोडं पाणी असतं आणि ते पहिल्या दिवशीच लघवीवाटे उतरतं. डॉक्टर घट बघताना हेही विचारात घेतात. चौथ्या-पाचव्या दिवसापासून वजन चढायला लागायला हवं, दिवसाला २० ते ३० ग्रॅमनं. दहा ते चौदा दिवसांत जन्मवजन परत यायला हवं आणि त्यानंतर महिन्याला किमान अर्धा किलो वाढ हवी. रोज वजन करायची गरज नाही. रोजच्या वजनात शू-शीचा फरक पडतो आणि आईचा जीव नुसता वरखाली होतो.

आशाताईबरोबर वजनकाटा आज दारात येतो, त्यामागे विदर्भातलंच काम आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांत एक प्रयोग केला. गावातल्याच, थोडं शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. नवजात बाळाचं वजन करणं, ताप मोजणं, श्वास मोजणं, पाजणं बघणं, धोक्याची खूण ओळखणं हे त्यांना शिकवलं, आणि त्या घरोघरी जाऊ लागल्या. तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. डिसेंबर १९९९मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हा अभ्यास छापून आला आणि २०११पासून घरी येऊन नवजाताची काळजी घेणं हे देशभरातल्या आशाताईंच्या कामात आलं. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते. घरी बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशीही. तिच्या पिशवीत झोळीचा वजनकाटा, थर्मामीटर आणि घड्याळ असतं. ती आली की तिला चहा देऊन परत पाठवू नका. बाळ झोपलेलं असलं तरी उघडं करून काट्यावर ठेवू द्या, आणि एकदा तिच्यासमोर पाजा.

समोर पाजायचं म्हणजे काय बघायचं? बाळाचं तोंड जांभईसारखं मोठं उघडलेलं हवं. खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी छातीला टेकलेली, आणि बोंडाभोवतीचा काळा भाग वर जास्त, खाली कमी दिसायला हवा. नुसतं बोंड तोंडात असेल तर आईला चिरा पडतात आणि बाळाला दूध मिळत नाही. सुरुवातीला बाळ भराभर ओढतं, मग दूध उतरलं की चाल संथ होते: खोल ओढ, क्षणभर थांबणं, घुटका. दूध भरून आल्यावर शांत खोलीत घुटक्याचा आवाज ऐकू येतो. पोट भरलं की बाळ आपणहून सोडतं आणि हाताच्या मुठी सैल पडतात. चोवीस तासांत असं आठ ते बारा वेळा व्हायला हवं, रात्र धरून. मिनिटं मोजायची नाहीत. एखादं बाळ दहा मिनिटांत उरकतं, एखादं चाळीस मिनिटं घेतं.

ज्या गोष्टींवरून दूध कमी असल्याचा निष्कर्ष काढला जातो, त्यातल्या बऱ्याच गोष्टी नेहमीच्याच असतात. बाळ संध्याकाळी तासन्‌तास किरकिरतं, दर अर्ध्या तासाला मागतं. बहुतेक सगळी बाळं असं करतात आणि मीठ-मोहरी ओवाळली तरी ते लगेच थांबत नाही. हातानं पिळून दोन चमचेही निघत नाहीत. बाळाचं ओढणं आणि हातानं पिळणं यांत फार फरक आहे, त्यावरून काहीच ठरत नाही. बाळाला वाटीनं वरचं दूध दिलं तर ते पितं, म्हणून भुकेलं होतं असंही सिद्ध होत नाही. नवजात बाळ ओठाला लागेल ते चोखतं. शेजारच्या घरातलं बाळ गुटगुटीत आहे, याचा तर इथे संबंधच नाही. ‘काहून रडून राह्यलं वो लेकरू?’ हा प्रश्न दिवसातून दहा वेळा ऐकणाऱ्या बाळंतिणीच्या मनाची स्थिती घरानं समजून घ्यावी. भीती आणि दुखणं यांमुळे दूध उतरायला अडथळा येतो. दूध तयार झालेलं असतं, पण सुटत नाही. तिला धीर देणारं एक माणूस खोलीत असणं हासुद्धा दुधावरचा उपचारच आहे.

वरच्या दुधाबद्दल आपल्या भागात एक जास्तीची काळजी आहे आणि ती मला या पुस्तिकेत ठळक लिहायची होती. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलडाणा या जिल्ह्यांतून जातो. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर या तालुक्यांतल्या कितीतरी गावांत विहिरीचं आणि बोअरचं पाणी खारट आहे. मूत्रपिंडाच्या तक्रारी तिथे जुन्याच आहेत. अशा पाण्यात कालवलेली दुधाची पावडर नवजात बाळाच्या कोवळ्या मूत्रपिंडांवर मिठाचा बोजा टाकते. पाणी उकळलं तर जंतू मरतात, पण मीठ जात नाही, उलट पाणी आटल्यानं ते वाढतं. डबा महाग म्हणून दोन चमच्यांच्या जागी एक चमचा घातला तर बाळाचं पोट पाण्यानं भरतं आणि वजन घसरतं. बाटली, बूच आणि पावडर यांच्या जाहिरातींना आणि आईला फुकट डबे वाटायला १९९२च्या कायद्यानं बंदी आहे. २००३मध्ये तो कायदा आणखी कडक झाला. ही बंदी का आणावी लागली ते खारपाणपट्ट्यातल्या घराला लगेच पटेल.

उन्हाळ्याचंही तसंच. मे महिन्यात अकोला-अमरावतीचा पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि घरातली माणसं म्हणतात, लेकराचा घसा सुकतो, दोन चमचे पाणी द्या. आईच्या दुधात जवळजवळ ८८ टक्के पाणीच असतं. उष्ण प्रदेशांत केलेल्या अभ्यासांतही केवळ आईच्या दुधावरच्या बाळांना वेगळ्या पाण्याची गरज पडलेली दिसली नाही. सहा महिने पाणी नको. बाळाला पाणी देण्याऐवजी त्याला जास्त वेळा छातीशी लावा आणि आईला पाणी द्या. बाळंतिणीला पाणी कमी द्यायची जुनी पद्धत मेच्या दुपारी आईवर अन्याय करते. खोलीत शेगडी, धुरी, बाळाला टोपरं, दुपटं आणि वरून शाल हे डिसेंबरात समजू शकतं. मेमध्ये त्यामुळे बाळ तापतं, मरगळतं, पीत नाही, आणि न प्यायल्यामुळे आणखी तापतं. अशा वेळी अंग गरम लागलं तर आधी कपडे कमी करून, थंड जागी नेऊन पाजावं. अर्ध्या-एक तासात ताप उतरला नाही किंवा बाळ नीट प्यायलं नाही तर दवाखाना गाठावा.

काही आयांना दूध खरंच कमी असतं, हे इथे ठामपणे लिहिते, नाहीतर धीर देण्याच्या भरात आपण त्यांना एकटं पाडू. वारेचा तुकडा आत राहिलेला असतो, थायरॉइडचा त्रास असतो, बाळंतपणात फार रक्त गेलेलं असतं, छातीवर शस्त्रक्रिया झालेली असते, कधी ग्रंथींची वाढच कमी असते. कधी अडचण बाळाकडे असते: जीभ खाली बांधलेली, टाळू फाटलेली, किंवा बाळ अपुऱ्या दिवसांचं. या आयांनी कुठलीही चूक केलेली नसते. अडीच किलोच्या आतली बाळं आपल्याकडे पुष्कळ जन्मतात आणि ती भूक लागली तरी उठत नाहीत. त्यांना दर दोन-तीन तासांनी उठवून, अंगावरचे कपडे सैल करून, तळवे चोळून पाजावं लागतं. ओढता येत नसेल तर दूध हातानं काढून उकळलेल्या वाटी-चमच्यानं किंवा बोंडल्यानं पाजता येतं, आणि बाळाला आईच्या उघड्या छातीशी तासन्‌तास ठेवलं की त्याची ऊबही टिकते आणि दूधही वाढतं. आशियातली पहिली मानवी दूधपेढी डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयात सुरू केली ती अशाच कमी वजनाच्या बाळांसाठी. कमी पडणारं दूध भरून काढायची वेळ आली तर ते किती, कुठलं आणि कसं द्यायचं हे डॉक्टर ठरवतील. दुकानदार किंवा शेजारीण नाही. वरचं चालू असतानाही आईनं पाजणं सोडायचं नसतं.

बाळंतिणीचं खाणं हा वऱ्हाडी घराचा अभिमानाचा विषय. अळिवाची खीर, डिंकाचे-मेथीचे लाडू, शेपू, ज्वारीची भाकर, हे सगळं करावं. त्यामुळे तिच्या अंगात ताकद येते आणि तिची कुणीतरी काळजी घेतंय हे तिला कळतं. पण लाडवानं दूध वाढतं म्हणून पाजणं कमी करून चालत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत जिला महिन्या-दीड महिन्यातच शेतावर जावं लागतं, तिला लाडवापेक्षाही बाळ जवळ ठेवायची सोय हवी असते, किंवा काढलेलं दूध झाकून ठेवून घरच्यांनी वाटीनं पाजायची तयारी. ती सोय घरातल्या पुरुषांनी करायची आहे. या पुस्तिकेतली काही पानं त्यांच्यासाठीच आहेत आणि ती त्यांनी वाचावीत अशी माझी मनापासून विनंती आहे.

मेळघाटासाठी एक प्रकरण वेगळं ठेवलं आहे. १९९३मध्ये तिथल्या बालमृत्यूंनी सगळ्या देशाचं लक्ष वेधलं. डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांच्यासारखी माणसं बैरागडसारख्या गावात जाऊन राहिली, सरकारी यंत्रणाही वाढली. पण धारणीहून अमरावती आजही घाटरस्त्यानं दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. शहरातल्या आईला शंका आली तर ती तासाभरात दवाखान्यात पोचते. धारणी-चिखलदऱ्याच्या पाड्यावर ती शंका एक दिवस आधी यायला हवी, म्हणून तिथे लंगोटाची मोजणी जास्त काटेकोर हवी आणि मजकूर कोरकू बोलणाऱ्या घराला समजेल असा तोंडी सांगायला हवा.

या पानांतलं सगळं विसरलं तरी पुढच्या खुणा विसरू नका. चौथ्या दिवसानंतर आठ तासांत एकही शू नाही. बाळ उठवूनही उठत नाही किंवा आधी पीत होतं ते आता पीत नाही. अंग तापलेलं किंवा गार पडलेलं. श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त, छातीचा खालचा भाग आत ओढला जातोय. झटके. पिवळेपणा पहिल्याच दिवशी दिसला किंवा तळहात-तळपायांपर्यंत उतरला. अशा पिवळ्या पडलेल्या बाळाला कोवळ्या उन्हात ठेवून वाट बघू नये. यातली एक खूण दिसली तरी १०२ला फोन करा. अमरावती आणि अकोला दोन्हीकडच्या स्त्री रुग्णालयांत आजारी नवजात बाळांचा वेगळा विभाग आहे. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातूनही तिथे पाठवतात. वाटेत बाळ आईच्या छातीशी, पदराखाली ठेवा. ओढत असेल तर पाजत न्या. ओढत नसेल तर चमच्यानं तोंडात काही ओतू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. डॉक्टर विचारतील: जन्मवजन किती, शेवटचं कधी प्यायलं, शेवटची शू कधी झाली, शी कुठल्या रंगाची. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर या नोंदींसाठी रकाने आखले आहेत. जन्मवजन दवाखान्याच्या कार्डावरून आजच उतरवून ठेवा, आणि लिहिता येणारं जे कुणी रात्री बाळंतिणीच्या खोलीत झोपतं त्याच्याकडे पेन द्या.